हवेला परतीची वाट

पहाटे 5.00, अमरावती

मे महिन्यात आमचं काम उन्हाच्या आधी सुरू झालं नाही तर ते दुपारी छताखाली अडकतं. म्हणून अंधारातच गाडी भरतो. दोन तापमापकं, हवेचा वेग मोजायचं पंख्याचं छोटं यंत्र, लांबून भिंतीचं तापमान सांगणारी इन्फ्रारेड गन, ॲल्युमिनियम टेप, इन्सुलेशनचे गुंडाळे, जीआय पत्रा, शिडी. गॅसचा सिलिंडर सगळ्यांच्या मागे ठेवतो. "एकच खोली थंड होत नाही" अशा तक्रारीत तो क्वचितच लागतो आणि नेमका तोच आधी काढला जातो, म्हणून.

साडेपाचला बडनेरा ओलांडलं. अमरावती-अकोल्याच्या याच रस्त्यावर 2022 च्या जूनमध्ये 105 तास 33 मिनिटांत सलग 75 किलोमीटर डांबर टाकलं गेलं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. जून उजाडताना, वऱ्हाडच्या उन्हात, तापलेल्या डांबरापाशी उभी राहिलेली माणसं मला इथून जाताना दर वेळी आठवतात.

सकाळी 7.30, अकोला

गोरक्षण रोडवरचा दुमजली बंगला. वरच्या मजल्यासाठी साडेपाच टनांचं डक्टेबल मशीन पॅसेजच्या फॉल्स सीलिंगमध्ये बसवलेलं. त्यातून हॉल आणि तीन खोल्यांकडे डक्ट गेलेले. घरमालक गेटपाशीच उभे होते.

"भाऊ, हॉलमधी बसलं की चादर घ्या लागते, अन् आईच्या खोलीत घाम थांबत नाही जी. गॅस संपला असन का? एक जण तर म्हणे, मशीनच बदला, साडेआठ टनाचं टाका."

मी काही बोललो नाही, आधी मोजलं. हॉलमध्ये 23 अंश, नातवाच्या खोलीत 22, आजींच्या खोलीत साडेतीस. एकाच मशीनची हवा, एकाच मजल्यावर, आणि साडेआठ अंशांचा फरक. आजी पलंगावर बसून हातपंखा हलवत होत्या.

"माह्यासाठी कायले एवढा खर्च करता? मी झोपत जाईन हॉलमधी," त्या म्हणाल्या.

म्हातारं माणूस असं म्हणतं तेव्हा घरातल्यांना तो प्रश्न सुटला असं वाटतं. तो सुटलेला नसतो. उतारवयात शरीराची घाम गाळून थंड होण्याची ताकद कमी होते, तहानही उशिरा कळते. उन्हाळ्यात घरातली सगळ्यात गरम खोली सगळ्यात थकलेल्या माणसाच्या वाट्याला यावी, हे मला कुठल्याही घरात पाहवत नाही.

सकाळी 8.15

मशीनकडे परत जाणारी हवा 25 अंशांची, मशीनमधून निघणारी 14 ची. अकरा अंशांचा फरक म्हणजे गॅस ठीक, कॉम्प्रेसर ठीक. गॅस कमी असता तर सगळ्याच खोल्या तापल्या असत्या. घरमालकांना दोन्ही आकडे दाखवले, तेव्हा साडेआठ टनांचा विषय संपला. बरंच झालं. गरजेपेक्षा मोठं मशीन हॉल झटक्यात गार करून बंद पडतं, पुन्हा सुरू होतं, पुन्हा बंद पडतं. बिल वाढतं आणि लांबची खोली होती तशीच राहते.

फिल्टर काढला तर त्यावर करड्या नमद्यासारखा थर होता. धूळ आणि कापसाची रुई. अकोला कापसाचं गाव. जिनिंगचा हंगाम संपतो, पण उडालेली रुई जाळ्यांत बसून राहते आणि उन्हाळ्यात मशीनचा श्वास कोंडते. फिल्टर धुतला. सगळ्याच खोल्यांत हवा थोडी वाढली, आजींच्या खोलीतही, पण पुरेशी नाही.

सकाळी 9.00 ते 11.30

आजींच्या खोलीचं दार उघडं ठेवून ग्रिलपाशी हवेचा वेग मोजला, मग दार लावून मोजला. दार लावताच वेग बराच उतरला. घरमालकांना यंत्र दाखवायच्या ऐवजी वर्तमानपत्राची पट्टी दाराखालच्या फटीशी धरली. ती जोरात बाहेर फडफडली.

खोलीत हवा शिरते, पण बंद दारामुळे मशीनकडे परत जाऊ शकत नाही. परतीची जाळी हॉलमध्ये, एकच. खोलीत हवेचा दाब वाढतो आणि नवी गार हवा आत यायलाच तयार होत नाही, ती सोप्या वाटेनं हॉलकडे वळते. नातवाचं दार दिवसभर उघडं असतं. आजी दार लावून निजतात. फरकाचा निम्मा उलगडा तिथेच झाला.

"दार खालून इंचभर कापून देऊ का?" सुताराचा विचार त्यांच्या मनात आधीच आला होता. हिशेब करून सांगितलं. दर टनाला मिनिटाला सुमारे 400 घनफूट हवा लागते, आणि या खोलीच्या वाट्याला जवळपास एका टनाची हवा यायला हवी. तीन फुटी दाराखालच्या एक इंच फटीतून तेवढी हवा जायची तर मिनिटाला 1,600 फुटांचा वेग लागेल. पाव चौरस फुटाची ती जागा. तितका दाब हे मशीन देणार नाही. दाराच्या वर दोन फूट बाय एक फूट जाळी बसवायचं ठरलं. पट्ट्या आडव्या आणि तिरप्या, म्हणजे आतलं दिसत नाही.

मग झाकण उघडून छतात शिरलो. अंग भाजणारी जागा. वर तापलेला स्लॅब, खाली जिप्समचे बोर्ड. आजींच्या खोलीकडे जाणारा लवचीक डक्ट गरजेपेक्षा लांब, मधे झोळीसारखा लोंबलेला, आणि सीलिंगच्या एका टांगणीखाली चेपून अर्धा झालेला. त्याच्या अलीकडे टेप सुटून सांधा उघडा पडलेला. छतातल्या उष्णतेनं टेपचा गोंद वर्षा-दोन वर्षांत सोडतो. तिथून 14 अंशांची हवा सरळ पोकळीत जात होती. इतक्या पैशांनी गार केलेली हवा फॉल्स सीलिंगच्या आत, जिथे माणूसच नाही.

माझा हेल्पर खालून टॉर्च धरून होता. डक्टचा जादा तुकडा कापला, ताणून सरळ केला, टांगणी बाजूला सरकवली. सांध्याला आधी सीलंट, मग पट्टा, मग टेप, वरून इन्सुलेशन. नुसत्या टेपवर भरवसा ठेवू नये.

सकाळी 11.45

मग डॅम्परची, म्हणजे डक्टमधली हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपांची पाळी. नियम साधा. सगळ्यात लांबच्या, सगळ्यात गरम खोलीचा डॅम्पर पूर्ण उघडा ठेवायचा आणि जवळच्या खोल्यांचे थोडे थोडे मिटायचे. दर वेळी दहा मिनिटं थांबून पुन्हा मोजायचं. घाई केली की फसवे आकडे येतात. नको असलेल्या खोलीची ग्रिल लोक पूर्ण बंद करतात, तसं करू नये. कॉइलवरून जाणारी हवा कमी झाली की कॉइलवर बर्फ धरतो आणि वितळला की छतातून गळतो.

दुपारी 12.30 ते 3.30

बाहेरचं काम बंद. 2024 च्या मे महिन्यात अकोल्यात उष्णतेमुळे जिल्हाधिकाऱ्यांना कलम 144 लावावं लागलं होतं. कामगारांना सावली आणि पिण्याचं पाणी द्या, शिकवणी वर्गांच्या वेळा पाळा, असा तो आदेश होता. मी हेल्परला भर दुपारी गच्चीवर पाठवत नाही. वहिनींनी कैरीचं पन्हं आणि भाकरी-पिठलं दिलं, आणि हॉलमध्येच लवंडलो. सुतार तेवढ्यात जाळीचं माप घेऊन गेला.

दुपारी 4.00

आजींच्या खोलीत साडेसव्वीस. कमी झालं, पण हॉलइतकं नाही. इन्फ्रारेड गन वर धरली, पश्चिमेच्या भिंतीवर धरली. दोन्ही तापलेल्या. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळी सातनंतरही खोलीत सोडत राहतो. हॉलमधला थर्मोस्टॅट मात्र 24 दिसताच मशीन थांबवतो. त्याला पश्चिमेच्या खोलीचं काहीच कळत नाही.

थर्मोस्टॅटचा सेन्सर आजींच्या खोलीत घेतला. गच्चीवर पांढरा, ऊन परतवणारा रंग पावसाआधी मारा, आणि पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून पडदा लावा, असं लिहून दिलं. आत लावलेला पडदा ऊन काचेतून आत आल्यावर अडवतो, तोवर उष्णता घरात आलेली असते. आपल्याकडच्या जुन्या गढ्यांच्या, धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या भिंती ऊन आतवर पोहोचू देत नव्हत्या. त्या गेल्या, पण स्लॅबचं ऊन अडवायची जबाबदारी गेली नाही.

संध्याकाळी 6.15, मूर्तिजापूर

परतताना डक्ट लावलेल्या कूलरचं एक घर. इथे सगळं उलट. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, म्हणून खिडकी उघडी हवी. यांनी उष्णता येईल म्हणून सगळं घट्ट लावलेलं. पुढच्या खोलीत दमट, मागच्या खोलीत हवाच नाही.

"मागची खिडकी चार बोटं उघडा, काका."

"अन् लू आत येईन ना बाप्पा!"

"नाही येणार. आतली हवाच बाहेर निघते तिथून."

खिडकी उघडली आणि मागच्या खोलीतला पडदा हलला. वूड वूलच्या ताट्या पांढऱ्या क्षारानं कडक झाल्या होत्या. हा खारपाणपट्टा. बोअरचं पाणी उडून जातं, मीठ ताटीत राहतं आणि हवेची वाट बंद करतं. ताट्या बदलल्या, टाकी रिकामी करून धुवायला सांगितलं. कोरड्या मे महिन्यात नीट ठेवलेला कूलर 43 अंशांची हवा 27-28 पर्यंत आणतो. पाऊस पडू लागला की मात्र तो हतबल होतो, तेव्हा त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नये.

रात्री 9.00, अमरावती

अकोल्याहून फोन आला. जाळी बसली. दार लावून आजींच्या खोलीत 25, हॉलमध्ये 24. आजी आपल्या पलंगावर निजल्या.

तुम्ही नवं घर बांधत असाल आणि एकच मशीन सगळ्या खोल्यांना लावणार असाल, तर फॉल्स सीलिंग बंद व्हायच्या आधी स्वतः शिडीवर चढून पाहा. प्रत्येक खोलीच्या फाट्यावर डॅम्पर आहे का, तिथे हात पोहोचेल असं झाकण आहे का, बंद दाराच्या खोलीला परतीची जाळी आहे का. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला वरच्या मजल्यावरची पश्चिमेची खोली देऊ नका.