चट्टा नेमका कुठे आहे?

वस्तीवरचा राखणदार : लेखांक ५

अकोले-संगमनेरकडच्या उसाच्या रानात बिबट्याची पहिली झडप कुत्र्यावरच पडते. अकोल्यात झालेल्या एका अभ्यासात तर बिबट्याच्या भक्ष्यात, वजनाच्या हिशेबाने, ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला होता. म्हणून कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा रुंद पट्टा बांधतात. पावसाळ्यात तो सुकतच नाही. वास यायला लागल्यावर पट्टा सोडावा, तर खाली लस येऊन केस चिकटलेले आणि कातडी लालभडक. सकाळी रुपयाएवढा असलेला चट्टा कुत्र्याने नखांनी ओरबाडला की संध्याकाळी तळहाताएवढा होतो. डॉक्टर याला हॉट स्पॉट म्हणतात.

हा चट्टा कोरडा करणं हाच निम्मा उपचार. चट्ट्यावरचे आणि त्याच्या कडेपासून बोटभर अंतरापर्यंतचे केस भादरावेत, म्हणजे हवा लागते. दुखत असल्यामुळे गरीब कुत्रंही चावतं, तेव्हा धरायला दुसरं माणूस हवं. उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात दीड छोटा चमचा मीठ घालून त्याने धुवावं, स्वच्छ फडक्याने टिपावं, वर पट्टी बांधू नये. मागच्या पायांत जुने मोजे चढवले तर नखं लागत नाहीत. जखम भरेपर्यंत पट्टा नको आणि रात्री कुत्रं बंद खोलीतच हवं. दोन दिवसांत चट्टा सुकला नाही किंवा पू झाला, तर दवाखाना गाठावा.

पण प्रत्येक चट्टा ओलीचा नसतो, म्हणून औषधाआधी जागा पाहावी. कानाच्या कडा, कोपरं, पोटाची खालची बाजू इथे केस जाऊन खपल्या धरल्या असतील तर खरजेचा संशय घ्यावा. कानाची कड दोन बोटांत धरून चोळून पाहा. कुत्रं मागचा पाय खाजवल्यासारखा हलवायला लागलं, तर संशय बळावतो. घरातल्यांनाही खाज सुटली असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. शेपटीच्या बुडाशी आणि कमरेवर खाज असेल तर बहुधा पिसवा. अंगावर दिसतात त्या एकूण पिसवांच्या जेमतेम ५ टक्के. बाकी अंडी, अळ्या, कोष कुत्र्याच्या गोणपाटात आणि फटींत असतात. गोणपाट न बदलता नुसतं कुत्रं धुतलं तर खाज परत येते. गोल, केस गेलेला चट्टा बुरशीचा असू शकतो. त्यावर माणसांची स्टेरॉइडची ट्यूब लावली तर लाली तेवढी उतरते आणि बुरशी पसरत जाते.

आणि जळकं ऑइल. ट्रॅक्टरचं काढलेलं ऑइल खरजेवर फासण्याची रीत जिल्ह्यात अजून आहे, ती थांबलीच पाहिजे. कातडी भाजते, आणि कुत्रं अंग चाटतं तेव्हा ते सगळं पोटात जातं. मेंढ्यांसाठी आणलेलं आयव्हरमेक्टिनही अंदाजाने टोचू नका. त्याची मात्रा कुत्र्याच्या वजनावर ठरते, आणि कोलीसारख्या काही जातींना ते जिवावर बेततं. खरजेवर खात्रीचे उपाय आहेत. त्याआधी खात्री करायला डॉक्टर कातडी हलकी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्यात खरजेची कीड दर वेळी सापडतेच असं नाही, म्हणून चट्टा कुठे सुरू झाला आणि घरात कोणाला खाज आहे, हे तुम्ही सांगितलेलं फार उपयोगी पडतं.

पुढच्या आठवड्यात गोचीडताप.