सूर उजवीकडे, शब्द डावीकडे?

रुग्ण टेबलावर उताणा पडला आहे. दोन्ही हात वर धरलेले, तोंडाने आकडे मोजणं चालू. डॉक्टर उजव्या कॅरोटिड धमनीत सोडियम अमायटल सोडतात आणि काही सेकंदांत डावा हात लुळा पडून खाली येतो. मेंदूचा उजवा अर्धगोल काही मिनिटांपुरता झोपला, डावा जागाच आहे. आता त्याला ओळखीचं गाणं म्हणायला सांगतात. शब्द येतात, लयही बरीचशी टिकते. चाल मात्र हरवते. सगळं गाणं एकाच सपाट सुरात बाहेर पडतं.

हॅरॉल्ड गॉर्डन आणि जोसेफ बोगेन यांनी 1974 मध्ये अशा निरीक्षणांवर निबंध लिहिला. ही चाचणी जुहन वाडा यांची. अपस्माराच्या रुग्णाच्या फिट औषधांनी थांबत नसतील, तर फिट जिथून सुरू होते तो मेंदूचा भाग काढावा लागतो. हा भाग पुष्कळदा कानाच्या वरच्या बाजूला, टेम्पोरल लोबमध्ये असतो. तो काढताना वाचा तर जाणार नाही ना, हे वाडांना आधी तपासायचं होतं. ऐकू आलेल्या आवाजाचा अर्थही हाच लोब लावतो, म्हणून संगीताचं कोडं अपस्माराच्या रुग्णांपाशी येऊन पोचलं.

माँट्रियलमध्ये ब्रेंडा मिल्नर यांनी 1962 मध्येच याचा पाया घातला होता. शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर त्या रुग्णांची ऐकण्याची परीक्षा घेत. एका चाचणीत काही स्वरांची छोटी ओळ दोनदा वाजवायची. दुसऱ्या वेळी एक स्वर बदललेला. कितवा, ते सांगायचं. उजवा टेम्पोरल लोब काढलेल्यांचे गुण घसरले, डावा काढलेल्यांचे फारसे नाहीत. वाद्यांच्या आवाजाचा पोत ओळखण्यातही तेच.

यावरून ‘उजवा मेंदू कलावंत, डावा हिशेबी’ असं सुटसुटीत चित्र लोकांनी उचललं. मला ते रुग्णांवर अन्याय करणारं वाटतं, कारण त्यांनी दिलेली उत्तरं कितीतरी बारीक आहेत. फ्रान्समधल्या कॅथरिन लिएजुआ-शोव्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 65 रुग्ण तपासले आणि 1998 मध्ये निष्कर्ष मांडले. चालीत दोन गोष्टी असतात: सूर वर जातो की खाली, हा चढउतार, आणि दोन सुरांमधलं नेमकं अंतर, म्हणजे सा वरून ग लागला की म. उजवीकडे शस्त्रक्रिया झालेल्यांना दोन्ही गोष्टी जड गेल्या, डावीकडे झालेल्यांना फक्त अंतर. म्हणजे उजव्या बाजूनं चालीचा आराखडा धरला, तरी सुरांची अंतरं पक्की व्हायला डावीही लागते.

काहींना तर संगीत ऐकूनच फिट येते. मॅकडोनाल्ड क्रिचली यांनी 1937 मध्ये या प्रकाराचं सविस्तर वर्णन केलं. तिथेही उगम बहुधा टेम्पोरल लोबमध्ये, आणि अधिक वेळा उजवीकडेच सापडतो.

आता शस्त्रक्रियेआधी फिटचा उगम शोधायला मेंदूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोड ठेवतात. रुग्ण कित्येक दिवस पलंगावर पडून फिट येण्याची वाट पाहतो. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीत अशा 29 जणांनी त्या काळात पिंक फ्लॉइडचं एक गाणं ऐकलं. डोक्याला पट्ट्या, पुढे शस्त्रक्रिया, तरी त्यांनी संशोधकांना वेळ दिला, याचं मला फार मोल वाटतं. बर्कलीच्या लुडोव्हिक बेलिए आणि रॉबर्ट नाइट यांच्या गटानं 2,668 इलेक्ट्रोडच्या नोंदींवरून ते गाणं संगणकाकडून पुन्हा घडवलं आणि 2023 मध्ये प्रसिद्ध केलं. शब्द धूसर, पण गाणं ओळखू येतं. हिशेबातून उजव्या श्रवणभागाचे इलेक्ट्रोड वगळले की गाणं बरंच बिघडे. डावीकडचे वगळल्यावर कमी. गिटारच्या लयीला प्रतिसाद देणारी एक जागाही उजवीकडेच सापडली.

वाचा गेलेल्यांसाठी मेंदूतून बोलणं वाचणारी यंत्रं तयार होत आहेत. त्यांच्या बोलण्यात माणसाच्या आवाजाचे चढउतारही यावेत, यासाठी या नोंदी कामाला येतील, अशी या संशोधकांची आशा आहे.