दीर्घ श्वासाने नेमके काय होते?

प्रश्नपत्रिका वाटण्याआधी मुलांचे चेहरे पाहून आपण सहज म्हणतो, "घाबरू नका, दीर्घ श्वास घ्या." सल्ला चांगला आहे. पण एखाद्या चौकस मुलाने 'का?' असे विचारले तर बहुधा उत्तर मिळते, 'त्यामुळे मेंदूला जास्त ऑक्सिजन मिळतो.' हे उत्तर कितपत बरोबर आहे ते पाहू.

शांत बसलेला निरोगी माणूस मिनिटाला साधारणपणे १२ ते १८ वेळा श्वास घेतो. प्रत्येक वेळी सुमारे अर्धा लिटर हवा आत जाते. एवढ्यानेही धमन्यांतील रक्तातले हिमोग्लोबिन ९५ टक्क्यांहून अधिक ऑक्सिजनयुक्त झालेले असते. काठोकाठ भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतून काय उपयोग? कोविडच्या साथीत, २०२० नंतर, अनेक घरांत ऑक्सिमीटर आला. तो बोटाला लावून दहा दीर्घ श्वास घेऊन पाहा. आकडा फारसा हलत नाही.

मग बदलते ते काय? बदलते ते रक्तातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण. श्वासाची गती मुख्यतः हा वायू ठरवतो, हे हॉल्डेन व प्रीस्टली या शास्त्रज्ञांनी १९०५ मध्ये दाखवून दिले. तो थोडा जरी वाढला तरी मेंदूच्या तळाशी असलेले श्वसनकेंद्र श्वास वाढवते. याउलट आपण मुद्दाम भराभर व खोल श्वास घेतले, तर हा वायू गरजेपेक्षा जास्त बाहेर टाकला जातो. त्यामुळे मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. म्हणजे जे हवे होते त्याच्या नेमके उलट घडते! घाबरलेले मूल आधीच भराभर श्वास घेत असते. त्याला आणखी जोराने श्वास घ्यायला लावणे योग्य नव्हे.

याच कारणाने एक खेळ जीवघेणा ठरतो. विहिरीत बुडी मारून कोण जास्त वेळ राहतो अशी पैज लागली, की काही मुले आधी भराभर श्वास घेतात. त्याने ऑक्सिजनचा साठा फारसा वाढत नाही, पण कार्बन डायऑक्साइड कमी होतो. 'आता श्वास घे' ही मेंदूची सूचना त्यामुळे उशिरा येते. तोपर्यंत ऑक्सिजन संपत येतो आणि पट्टीचा पोहणाराही पाण्याखालीच बेशुद्ध होऊ शकतो. ही गोष्ट मुलांना आवर्जून सांगायला हवी.

मग संथ श्वासाने बरे का वाटते? एक सोपा प्रयोग करा. मनगटावर नाडी धरून चार अंक मोजत श्वास घ्या आणि सहा अंक मोजत सोडा. श्वास घेताना नाडी किंचित जलद होते आणि सोडताना मंदावते. मुलांमध्ये हा फरक अधिक स्पष्ट जाणवतो. कार्ल लुडविग या जर्मन शास्त्रज्ञाने १८४७ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगात याची नोंद केली होती. मेंदूपासून हृदयापर्यंत जाणारी व्हेगस ही चेता हृदयाला लगाम घालते. श्वास घेताना हा लगाम सैल होतो, सोडताना ओढला जातो. म्हणून उच्छ्वास लांबवला की हृदयाला विसावा देणारा काळही लांबतो.

हृदयाची धडधड किंवा जठराचे काम आपल्या इच्छेने चालत नाही. श्वास मात्र आपोआप चालतो आणि आपल्या ताब्यातही येतो. त्याच्यामार्फत आपण स्वायत्त चेतासंस्थेपर्यंत पोहोचू शकतो. २००१ मध्ये इटलीतील बेर्नार्दी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी व्यक्तींवर एक अभ्यास केला. जपमाळेची लॅटिन प्रार्थना म्हणताना आणि 'ओम मणि पद्मे हुम्' हा मंत्र म्हणताना श्वास मिनिटाला सुमारे सहावर येतो आणि रक्तदाब सांभाळणारी प्रतिक्षिप्त क्रिया अधिक तत्पर होते, असे त्यांना आढळले. आपल्याकडे लोणावळ्याच्या कैवल्यधाम संस्थेत स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून योगक्रिया प्रयोगशाळेत तपासण्याचे काम सुरू केले होते.

श्वासाकडे लक्ष देण्याचा आणखी एक फायदा आहे. 'पेपर अवघड असेल का?' या विचारात गुंतलेले मन श्वास मोजण्यात थोडा वेळ तरी गुंततेच. मात्र हा काही सर्व रोगांवरचा उपाय नाही. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांचे औषध सोडू नये, आणि चक्कर वाटली तर लगेच थांबून नेहमीप्रमाणे श्वास घ्यावा.

आता हे वर्गात तपासून पाहता येईल. मधल्या सुट्टीनंतर प्रत्येकाने आपली नाडी मोजून लिहावी. मग अर्ध्या वर्गाने पाच मिनिटे वरीलप्रमाणे संथ श्वसन करावे आणि उरलेल्यांनी तेवढाच वेळ नुसते शांत बसावे. पुन्हा नाडी मोजून दोन्ही गटांची सरासरी काढावी. नुसते बसणाऱ्यांचीही नाडी उतरेल. म्हणूनच हा दुसरा गट हवा. दोन्ही गटांत फरक दिसतो का, किती दिसतो, हे मुलांनाच ठरवू द्या.

आणि पुढच्या परीक्षेला 'दीर्घ श्वास घ्या' ऐवजी एवढेच सांगा, "सावकाश श्वास सोडा."