ट्रॅक्टरवरील गिरमिट : त्याची शक्ती व चालकाची सावधगिरी

झाड लावावयाचे असो वा कुंपणाचा खांब रोवावयाचा असो, कामाचा आरंभ खड्ड्यापासून होतो. पहार, कुदळ व फावडे ही त्याची जुनी साधने होत. एका मजुरास ज्या खड्ड्यासाठी बराच वेळ घाम गाळावा लागतो, तो खड्डा ट्रॅक्टरच्या मागे जोडलेले गिरमिट मऊ भूमीत काही मिनिटांत पाडते. जेथे खड्डे थोड्या अवधीत व मोठ्या संख्येने हवे असतात, तेथे या यंत्राचे महत्त्व विशेष आहे. १२ डिसेंबर २०१६ रोजी वरदा चक्रीवादळाने चेन्नई शहरातील हजारो वृक्ष उन्मळून टाकले. अशा हानीनंतर नवी रोपे लावावयाची तर ऑक्टोबरमध्ये सुरू होणाऱ्या ईशान्य मोसमी पावसापूर्वी खड्डे सिद्ध असावे लागतात. कारण चेन्नईच्या वार्षिक पावसाचा मोठा भाग ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत पडतो. कामाची घाई अशी ऋतूच लावून देतो. परंतु घाई आणि फिरते गिरमिट यांची संगत धोक्याची असते, हे या यंत्राच्या मालकाने, चालकाने आणि मदतनिसाने प्रथम ध्यानात घ्यावे.

त्रिबिंदू जोडणी

ट्रॅक्टर व चेन्नई यांचा संबंध जुना आहे. ट्रॅक्टर्स अँड फार्म इक्विपमेंट ही कंपनी १९६० साली या शहरात, म्हणजे तेव्हाच्या मद्रासेत, स्थापन झाली आणि सेंबियम येथील तिच्या कारखान्यातून मॅसी फर्ग्युसन जातीचे ट्रॅक्टर देशभर गेले. या नावातील फर्ग्युसन म्हणजे आयर्लंडमध्ये १८८४ साली जन्मलेले हॅरी फर्ग्युसन होत. पूर्वी नांगर ट्रॅक्टरच्या मागे केवळ ओढला जाई. तो एखाद्या खडकास अडला की ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जात व ट्रॅक्टर मागे उलटून चालक खाली सापडे. फर्ग्युसन यांनी अवजार तीन बिंदूंवर ट्रॅक्टरला जोडून हायड्रॉलिक शक्तीने उचलण्याची योजना केली, त्यामुळे हा धोका पुष्कळच कमी झाला. आज जगभर रूढ असलेली त्रिबिंदू जोडणी ती हीच. खड्डे खणण्याचे गिरमिटही याच जोडणीवर बसते. मात्र येथे धोक्याचे स्वरूप निराळे आहे. तो ट्रॅक्टरच्या उलटण्यात नसून मागे फिरणाऱ्या भागांत आहे.

एका सेकंदाचा हिशेब

इंजिनाची शक्ती गिरमिटापर्यंत पोहोचविणारा दांडा पी.टी.ओ. शाफ्ट या नावाने ओळखला जातो. ठराविक वेगाने चालविल्यास ट्रॅक्टरमधून निघणारा दांडा मिनिटास ५४० फेरे, म्हणजे सेकंदास ९ फेरे घेतो. त्याचा व्यास सुमारे ३५ मिलिमीटर असून परिघ ११ सेंटिमीटर भरतो. यावरून असे दिसते की, या दांड्यात अडकलेले वस्त्र एका सेकंदात जवळजवळ १ मीटर गुंडाळले जाते. आणि थरावर थर बसून जाडी वाढली की गुंडाळण्याचा वेगही वाढतो. पावणेदोन मीटर लांबीची वेष्टी दोन सेकंदांच्या आत संपते. तेवढ्या अवधीत काय घडले हे मनुष्यास उमजते न उमजते. त्याने ओरडावे, चालकाने ऐकावे, मागे पाहावे व दांडा थांबवावा, इतका वेळ मिळतच नाही. वस्त्र संपले की पाळी शरीराची येते. चपळाईने आपण सुटू, असा विश्वास बाळगणाऱ्याने हा हिशेब एकदा स्वतः करून पाहावा.

दांड्यापुढे गिअरबॉक्स असते. ती वेग साधारणपणे एक तृतीयांश करते व पीळ त्या मानाने वाढविते. म्हणून गिरमिट सावकाश फिरताना दिसले तरी त्याचा जोर अधिक असतो. ३० सेंटिमीटर व्यासाचे गिरमिट सेकंदास ३ फेरे घेत असेल, तर त्याच्या पात्याची कड सेकंदास सुमारे पावणेतीन मीटर अंतर कापते.

याकरिता पोशाखाचा नियम कडक असावा. तमिळनाडूत वेष्टी व खांद्यावरील तुंडू, महाराष्ट्रात धोतर व उपरणे, स्त्रियांचा पदर, मोकळी वेणी व तिच्यातील गजरा, यांपैकी काहीही या यंत्राजवळ असू नये. अंगाबरोबरचा सदरा, पायघोळ नसलेली विजार व बंद जोडे हा योग्य पोशाख होय. दांड्यावरील प्लॅस्टिकची नळी शोभेसाठी नसते. यंत्र बंद असताना ती हाताने मोकळी फिरली पाहिजे व तिची साखळी स्थिर भागास बांधलेली असली पाहिजे. नळी फुटली असेल तर नवी बसवीपर्यंत काम थांबवावे.

मोहाचे तीन प्रसंग

यंत्र सुरळीत चालू असताना त्याच्याजवळ जाण्याचे कोणास कारण पडत नाही. काही अडले म्हणजे मनुष्य जवळ जातो, आणि अपघाताचा संभव तेव्हाच असतो. असे प्रसंग मुख्यतः तीन आहेत.

पहिला प्रसंग, गिरमिट भूमीत न शिरण्याचा. कोरड्या व घट्ट मातीवर टोक नुसते घासत राहते. तेव्हा मदतनीस यंत्राच्या आडव्या दांडीवर भार देतो, किंवा तीवर बसतोही. हे कदापि करू नये. पाती बोथट झाली असतील तर ती बदलावीत. माती कोरडी असेल तर खुणेच्या जागी आदल्या दिवशी पाणी द्यावे.

दुसरा प्रसंग, गिरमिट रुतून बसण्याचा. एका दमात पूर्ण खोली गाठू पाहणारे गिरमिट स्क्रूप्रमाणे भूमीत शिरते आणि बाहेर निघत नाही. म्हणून इंजिन मंद ठेवावे, थोडे खणावे, गिरमिट वर उचलून माती झाडू द्यावी व पुन्हा खाली न्यावे. इतके करूनही ते रुतलेच, तर पी.टी.ओ. सोडवावा, इंजिन बंद करावे, किल्ली काढून खिशात ठेवावी, आणि मग मोठ्या पाइप पान्याने गिरमिट हातानेच उलट फिरवून मोकळे करावे. पाना काढून घेऊन सर्वजण दूर झाल्यावरच ते हायड्रॉलिकने उचलावे.

तिसरा प्रसंग, शिअर बोल्ट तुटण्याचा. मूळ वा दगड आडवा आला की हा बोल्ट तुटतो व गिअरबॉक्स वाचते. तुटणे हेच त्याचे काम. वारंवार तुटतो म्हणून त्याच्या जागी हाताशी येईल तो लांब व कठीण बोल्ट घालण्याची रीत दुहेरी घातक आहे. असा बोल्ट वेळेवर तुटत नाही, आणि त्याचे बाहेर राहिलेले टोक जवळ उभ्या असलेल्याचे वस्त्र आकड्याप्रमाणे पकडते. निर्मात्याने सांगितलेल्या मापाचाच बोल्ट वापरावा व त्याचे टोक बाहेर राहू देऊ नये.

तिन्ही प्रसंगी नियम एकच : फिरणे पूर्णपणे थांबल्याखेरीज कोणीही जवळ जाऊ नये. पी.टी.ओ. सोडवल्यावरही भाग क्षणभर फिरत राहतात. ते थांबलेले डोळ्यांनी पाहावे. काम चालू असता चालकाने आसनावरच बसावे आणि इतरांनी निदान ७ ते ८ मीटर दूर, परंतु चालकाच्या दृष्टीच्या टप्प्यात राहावे. खुणा हाताने कराव्यात, कारण इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू जात नाही. मदतनीस दिसेनासा झाला, तर चालकाने यंत्र तत्काळ थांबवावे.

भूमीची ओळख

चेन्नईची भूमी एकजात नाही. तिरुवान्मियूर, अड्यार या किनाऱ्याकडील भागांत वाळू आहे. पेरांबूर, अण्णा नगर या बाजूस चिकणमाती आहे. गिंडी व वेलाचेरीकडे कठीण खडक लागतो. वाळूत गिरमिट सहज शिरते, परंतु खड्ड्याच्या कडा ढासळतात. म्हणून काठावर उभे राहू नये. चिकणमातीत ते रुतण्याचा संभव अधिक असतो. शिवाय खड्ड्याच्या भिंती गुळगुळीत होऊन कोवळ्या मुळांस वाट मिळत नाही. त्या भिंती यंत्र दूर नेल्यावर पहारीने खरवडाव्यात. खडकावर मात्र गिरमिटाचा हट्ट धरू नये, तेथे पहारच बरी.

शहरातील भूमीत याहूनही निराळा धोका दडलेला असतो. विजेच्या तारा, पाण्याचे व सांडपाण्याचे नळ, दूरसंचाराच्या केबली पदपथाखालूनच गेलेल्या असतात. विजेच्या तारेस गिरमिट भिडल्यास चालकाचे प्राण जाऊ शकतात. यास्तव संबंधित खात्यांकडून जागेची माहिती मिळाल्याखेरीज खणू नये, व शंका असेल तेथे हाताने जपून खणावे. यंत्र उचललेल्या स्थितीत नेताना डोक्यावरील तारांकडेही लक्ष असावे.

जबाबदारी कोणाची

नाशिककडील द्राक्षमांडवाचे खांब असोत, कोकणातील आंब्याची कलमे असोत वा चेन्नईलगतच्या किनाऱ्यावरील सुरूची लागवड असो, हे यंत्र पुष्कळदा भाड्याने येते. यंत्र एकाचे, चालक दुसरा व मजूर तिसऱ्याचे असले म्हणजे फुटक्या नळीकडे लक्ष देणे हे कोणाचेच काम राहत नाही. मळणीयंत्रांत सापडून मजुरांचे हात तुटू लागल्यावर १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा केंद्रीय कायदा झाला. त्यात मजुरास भरपाई देण्याची तरतूद आहे. तथापि भरपाईने गेलेला हात परत येत नाही. मालकाने यंत्र भाड्याने देण्यापूर्वी नळी, साखळी व बोल्ट तपासावेत; काम देणाऱ्याने ते पाहिल्यावाचून यंत्र शेतात वा रस्त्यावर आणू नये; आणि मजुराने जवळ जाण्यास नकार दिल्यास त्यास भित्रा म्हणू नये.

काम संपल्यावर गिरमिट भूमीवर टेकवून ठेवावे, इंजिन बंद करावे, आणि राहिलेले खड्डे त्याच दिवशी फळ्यांनी झाकावेत किंवा भोवती अडसर घालावा. पावसाळ्यात असा खड्डा पाण्याने भरला म्हणजे त्याची खोली दिसत नाही, व रस्त्याने जाणाऱ्या मुलास ती ठाऊक नसते. रोप लावून माती लोटली म्हणजेच खड्ड्याचे काम पुरे झाले असे समजावे.