नसलेल्या हाताची कळ

भयकथा म्हटली की पडका वाडा, अमावास्येची रात्र आणि पिंपळावरचा मुंजा आपल्या डोळ्यांसमोर येतो. परंतु भयाचे बीज पुष्कळदा घरातल्या साध्या बोलण्यातच सापडते. अशाच एका बीजाविषयी येथे लिहीत आहे.

माझ्या थोरल्या चुलत्यांचा, म्हणजे तात्यांचा, उजवा हात कडबाकुट्टीच्या यंत्रात सापडला आणि कोपराखाली काढावा लागला. जखम भरली, पण रात्री ते म्हणत, “मूठ वळलीया, सुटंना. नखं तळव्यात रुतत्यात.” यावर घरात प्रत्येकाचे मत निराळे. आजी म्हणे, “हात पुरताना मूठ उघडली नसंल.” काकू म्हणे, “मनाला लागलंय त्यांच्या.” माझ्या धाकट्या भावाने एकदा विचारले, “मग ती मूठ आता कुठं हाय?” त्याला कोणीच उत्तर दिले नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. त्यामुळे उत्तर शोधण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले.

शास्त्राचे म्हणणे असे आहे. शरीराचा एक नकाशा मेंदूत असतो. अवयव गेला तरी त्या नकाशातील त्याची जागा पुसली जात नाही. शिवाय तुटलेल्या मज्जातंतूंची टोकेही संदेश पाठवीत राहतात. म्हणून ही वेदना खरीच असते. ती ढोंग नव्हे आणि बाधाही नव्हे. सोळाव्या शतकात आंब्रुआज पारे या फ्रेंच शल्यचिकित्सकाने तिची नोंद केली होती. 1990 च्या दशकात डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी एक साधा उपाय शोधला. पेटीत आरसा उभा करून धड हाताचे प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागी दाखवायचे आणि धड हाताची मूठ उघडायची. काही रुग्णांची ‘नसलेली’ मूठही त्याबरोबर सुटली. सर्वांनाच गुण येतो असे मात्र नाही.

आता साहित्याकडे वळू. अमेरिकन यादवी युद्धात (1861–65) जखमी सैनिकांवर उपचार करणारे डॉ. सायलस वेअर मिचेल यांनी 1871 मध्ये या अनुभवाला ‘भासमान अवयव’ अशा अर्थाचे नाव दिले. पण त्याआधीच, जुलै 1866 मध्ये, त्यांनी ‘अटलांटिक मंथली’त निनावी कथा लिहिली होती. तिचा नायक जॉर्ज डेडलो दोन्ही हात व दोन्ही पाय गमावतो. आपण स्वतःच कमी कमी होत चाललो आहोत, असे त्याला वाटू लागते. शेवटी मृतात्म्यांना पाचारण करण्याच्या बैठकीत संग्रहालयात ठेवलेले त्याचे पाय ‘येतात’ आणि तो क्षणभर त्यांवर चालतो. वाचकांना ही हकीकत इतकी खरी वाटली की काहींनी त्याच्यासाठी पैसे जमविले.

या कथेची भीती कशात आहे? भुतात नव्हे. रुग्णांच्या तोंडून ऐकलेले बारकावे लेखकाने इमानाने मांडले आहेत, त्यात ती आहे. आमच्या घरचे बोलणे मला याच दृष्टीने मोलाचे वाटते. तात्यांचा अनुभव, आजीचा तर्क, काकूंचा अविश्वास आणि भावाचा प्रश्न एकापुढे एक ठेवले की कथेचा सांगाडा तयार होतो. लेखकाने फक्त त्या प्रश्नाला शब्दशः खरे मानायचे: मूठ कोठे तरी आहे, आणि तिने काहीतरी धरून ठेवले आहे.

मात्र एक पथ्य पाळले पाहिजे. गावात अशा माणसाला ‘लागीर झालंय’ म्हणायला लोक टपलेलेच असतात. आपल्या कथेने त्यांच्या हाती कोलीत देऊ नये. वाचक दुखणाऱ्या माणसाला भ्यायला नको. त्याच्या शेजारी बसून त्याच्याबरोबर भ्यायला हवा. त्या माणसाचे कोणी खरे मानीत नाही, हे त्या कथेतले सर्वांत मोठे भय आहे. कथेतला हात भुताचा असला तरी चालेल; कळ मात्र माणसाचीच राहिली पाहिजे.