पेशीला ‘आता दुभंग’ कोण सांगतं?

१९८२चा उन्हाळा. अमेरिकेतल्या वुड्स होल इथल्या सागरी प्रयोगशाळेत ब्रिटिश संशोधक टिम हंट सी अर्चिन या काटेरी समुद्री जीवाची फलित अंडी तपासत होते. नव्याने बनणारी प्रथिनं ओळखू यावीत म्हणून अंड्यांना किरणोत्सारी अमिनो आम्ल दिलेलं. थोड्या थोड्या वेळानं नमुना काढायचा आणि जेलवर प्रथिनांचे पट्टे पाहायचे. बहुतेक पट्टे गडद होत गेले. एक मात्र गडद होता होता, पेशी दुभंगायच्या सुमारास एकदम नाहीसा झाला आणि पुढच्या विभाजनाआधी पुन्हा उमटला. तेच सायक्लिन.

ते एकटं काही करत नाही. सीडीके नावाच्या एन्झाइमला चिकटलं, की एन्झाइम कामाला लागतं: गुणसूत्रं आखडतात, केंद्रकाचं आवरण विरतं. मग पेशी स्वतःच सायक्लिन मोडून टाकते. उधळपट्टी वाटते खरी, पण चक्र चालतं ते त्यावरच.

यातला सर्वांत थक्क करणारा प्रयोग मला पॉल नर्स यांच्या गटाचा वाटतो. सीडीकेचं जनुक बिघडलेल्या यीस्टमध्ये त्यांनी माणसाचं जनुक घातलं, आणि यीस्ट बिनबोभाट विभागू लागलं! लीलंड हार्टवेल यांनी चक्रातले तपासनाके दाखवले; डीएनए बिघडला तर पेशी तिथे थांबते. तिघांना २००१चं नोबेल मिळालं.

माणसात अशा नाक्यावर पी५३ हे प्रथिन असतं. दुरुस्ती अशक्य असेल, तर ते पेशीला मरायला लावतं. सुमारे निम्म्या कर्करोगांत पी५३चं जनुकच बिघडलेलं आढळतं.