काशीफळाचा वेल : पाणी आणि वळण

भोपळ्याला आपल्या परभणीकडे कोणी काशीफळ म्हणतो, कोणी डांगर, कोणी गंगाफळ. नाव कोणतेही घ्या, वस्तू एकच. बी घरचेच असते. जागा परसातली, उकिरड्याच्या कडेची. खरी किंमत आहे ती पाण्याची. महाशिवरात्रीच्या सुमारास बी लावले, की वेल वाढतो तो ऐन उन्हाळ्यात. मे महिन्यात परभणीचा पारा ४२-४३ अंशांवर जातो. विहिरी तळाला लागतात. २०१६ च्या उन्हाळ्यात तर शेजारच्या लातूर शहराला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा दिवसांत बाईने डोक्यावरून घागर आणायची, ती वेलाला घालायची, आणि वेल तरीही मरायचा, हे कोणाला परवडेल?

लहान वेल तहानेने मरतो, तसा जास्त पाण्यानेही मरतो. दुसरे मरण जास्त महागाचे. त्यात वेल गेला आणि पाणीही गेले.

आपली जमीन बहुतेक काळी, चिकण. ती पाणी धरून ठेवते. गंगाकाठची, म्हणजे गोदावरीच्या कडेची जमीन काही ठिकाणी वाळूसर. ती लवकर सुकते. म्हणून पाणी दिवस मोजून घालू नका, माती पाहून घाला. बुंध्यापासून वीतभर अंतरावर चार बोटे खोल उकरा. तिथली माती मुठीत दाबा. गोळा झाला, हाताला गार लागली, तर आज पाणी नको. माती भुरभुर सांडली, तर पाणी हवे. ही परीक्षा शाळेत न गेलेल्या म्हाताऱ्याही करतात आणि ती कधी चुकत नाही.

आता एक फसवी गोष्ट सांगतो. दुपारी बारा-एकला भोपळ्याची पाने मान टाकतात. बघणाऱ्याचा जीव कळवळतो. तो लगेच तांब्या घेऊन धावतो. पण थांबा. भोपळ्याचे पान मोठे, थेट तळहाताच्या दुप्पट-तिप्पट. उन्हात त्यातून जितके पाणी उडून जाते, तितके मुळ्या तेवढ्या वेळात ओढू शकत नाहीत. म्हणून पान लोंबते. संध्याकाळी ते आपोआप उभे राहते. सकाळी उजाडल्यावरही पान लोंबलेलेच असेल, तर मात्र वेल खरोखर तहानलेला आहे. तेव्हा पाणी घाला, तेही ऊन चढण्याआधी.

बी उगवून दोन पानांवर असताना तांब्याभर पाणी पुरते. बुंध्यावर ओतू नये. बुंधा सतत ओला राहिला की कुजतो. बुंध्याभोवती मातीचा लहानसा उंचवटा करा आणि त्याच्या बाहेरून वीतभर अंतरावर गोल आळे करा. वेल वाढेल तसे आळे रुंद करीत न्या. वर वेल पसरतो तशा खाली मुळ्याही पसरतात. पाणी त्यांच्या टोकांपाशी गेले पाहिजे. वेल दोन-तीन हात लांब झाला की थोडे थोडे रोज देण्यापेक्षा कळशीभर एकदम द्यावे आणि माती सुकेपर्यंत थांबावे. वरवर शिंपडलेल्या पाण्याने मुळ्या वरच राहतात आणि पहिल्याच कडक उन्हात पोळतात. आळ्यात सोयाबीनची गुळी किंवा उसाचे पाचट चार बोटे पसरा, म्हणजे ओल टिकते.

ज्यांच्याकडे पाणी फारच तुटपुंजे आहे, त्यांनी मडके पुरावे. साधे मातीचे, रंग न दिलेले, गळके नसलेले. तोंड जमिनीबरोबर ठेवून ते आळ्यात पुरायचे, भरायचे आणि वर ठिकरी झाकायची. झाकण नसेल तर डास होतात. मडक्याच्या अंगातून पाणी पाझरते. भोवतालची माती कोरडी झाली की जास्त पाझरते, ओली असली की कमी. म्हणजे मडकेच माती पाहून पाणी देते! बी मडक्यापासून वीतभर अंतरावर लावावे. मात्र हे काम बी लावतानाच करायचे. वेल वाढल्यावर खणाल तर मुळ्या तुटतील.

न्हाणीचे पाणी चालते का? नुसते अंग धुतलेले, भांडी विसळलेले पाणी चालते. कपड्यांच्या सोड्याचे, पावडरीचे पाणी नको. आपली काळी जमीन त्याने आणखी घट्ट होते.

आता वळण. वेल हात-दीड हात झाला की तो कुठे जायचा, हे आपण ठरवावे. नाहीतर तो वाटेवर येतो, शेळीच्या तोंडी लागतो, पायाखाली तुडवला जातो. वेल सकाळी वळवू नये. सकाळी तो पाण्याने टंच असतो. जरा जोर लागला की काडकन मोडतो. दुपार कलल्यावर तो थोडा मऊ पडतो, तेव्हा वळवावा. तोही एका दिवसात नाही. आज चार बोटे, उद्या चार बोटे. शेंड्याला हात लावू नये. शेंड्यामागचा भाग धरून सरकवावा. त्याचे ताणे गवताला गुंडाळलेले असतील तर ते ओढू नका, तोडा. ताणा तुटल्याने वेलाचे काही जात नाही.

उन्हाळ्यात वावटळ येते, अवकाळीचे वारे येते. ते वेलाला उचलून उलटा टाकते. म्हणून दर दोन हातांवर काटकीची बेचकी उलटी करून वेलावर सैल रोवा. आणि वेलाच्या पेरावर ओंजळभर ओली माती घाला. त्या पेरातून नवी मुळी फुटते. ती वेलाला जागच्या जागी धरते आणि पाणीही ओढते. एका बुंध्याच्या जागी चार-पाच ठिकाणी तोंड झाले. माझ्या मते सगळ्या कामात हे काम सर्वांत फायद्याचे आहे. खर्च काहीच नाही, आणि तरी फार थोडे लोक ते करतात.

परदेशातले लोक हेच करून प्रचंड भोपळे काढतात. २०२३ साली अमेरिकेत हाफ मून बे या गावी एक भोपळा १२४७ किलो भरला. आपल्या गोष्टीतली म्हातारी त्यात सहज मावली असती. कॅनडात तर लोक असे भोपळे कोरून त्यांत बसतात आणि तळ्यात वल्हवतात. ते बियाणे वेगळे, तिकडची हवा थंड, आणि वेलावर फळ एकच ठेवतात. पण पेरावर माती आणि दुपारचे वळण या दोन युक्त्या त्यांच्याही त्याच. आपल्याला एवढा भोपळा नकोच. तो चिरणार कोण! पाच-सात किलोची दोन-तीन फळे घरच्याला पुरतात.

पाच-सहा आठवड्यांनी पिवळी फुले येतात आणि गळून पडतात. पाणी कमी पडले असे समजून पुष्कळजण तेव्हा घागरी ओततात. ते करू नका. आधी येतात ती नरफुले. ती गळायचीच. उन्हाळ्यात ती जास्तच येतात. मागून मादीफूल येते, त्याच्या देठाशी बोराएवढा भोपळा असतो. मधमाशी दिसत नसेल तर सकाळी आठच्या आत नरफूल तोडून त्याची भुकटी मादीफुलाच्या आत हलकेच लावा. दुपारपर्यंत फूल मिटते, मग उपयोग नाही.

फळ लिंबाहून मोठे झाले की पाण्याची खरी गरज लागते. साठवलेली घागर आता खर्च करा. फळाखाली पाचट ठेवा, फळ ओल्या मातीला टेकू देऊ नका. देठ वाळू लागला आणि सालीत नख रुतेनासे झाले की पाणी बंद करा. आठवड्याने चार बोटे देठ ठेवून फळ कापा.